उजेडाला धरलेला लिफाफा

माझ्या दोन पदव्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर आहेत. आत्यानं हौसेनं चौकटी करून लावल्या. त्यांच्याकडे पाठ करून बसता येईल अशी एकच खुर्ची घरात आहे आणि ती मी बळकावली आहे. गेलं दीड वर्ष मी मठ्ठ झाले आहे. हा विनय नाही. विनय हुशार माणसांना परवडतो.

काय झालं म्हणून लोक विचारतात, आणि सांगण्यासारखं काही झालेलंच नाही ही माझी पंचाईत. कुणी गेलं नाही, कुणी टाकलं नाही, घर जळलं नाही. एक दिवस जिना उतरताना पाय अडले आणि माझी खात्रीच पटली की आता काहीतरी भयंकर होणार. ते झालं नाही, पण खात्री राहिली. चार महिने रजा काढली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, भीती अर्ध्यावर आली, आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापूस भरला. एकच परिच्छेद तीनदा वाचायचा आणि चौथ्यांदा तो नवा वाटायचा. दवाखान्याच्या खिडकीवर मला स्वतःचा फोन नंबर सांगता आला नाही. रांगेत माझ्यामागे उभ्या असलेल्या आजोबांना त्यांचा, मुलाचा आणि जावयाचाही पाठ होता. बुद्धी कुठे जात नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजार तिच्यासमोर आडवा उभा राहतो इतकंच. त्यांना तसं म्हणावंच लागतं.

आत्याचं शिक्षण चौथीपर्यंत. ती घरी पडदे शिवते आणि कुठल्या खिडकीला किती कापड लागेल ते नुसत्या डोळ्यांनी सांगते. मी काही विसरले की ती म्हणते, "शिकला तो हुकला." मग लगेच माझ्या ताटात जास्तीचं वाढते.

आमची कंपनी जड वस्तू उचलते. क्रेन आमच्या, माणसं आमची, उचलायची वस्तू दुसऱ्याची. यंत्राच्या माथ्यावर लोखंडी कड्या असतात, त्यात जाड विणलेले पट्टे अडकवायचे, पट्ट्यांची वरची टोकं क्रेनच्या आकड्यात घालायची आणि उचलायचं. किती टन पेलेल ते पट्ट्यावरच शिवलेलं असतं. त्या पट्ट्यावर प्रत्यक्षात किती ओढ येणार ते काढणं हे माझं काम. खाली आवारात माणसं घाम गाळतात आणि मी वरच्या खोलीत बसून आकडे काढते.

हा आकडा एकट्यानं काढायचा नाही असा आमच्याकडे दंडक आहे. मालकिणीच्या वडिलांच्या काळात एक माणूस यंत्राखाली सापडला, तेव्हापासून. दोघांनी वेगवेगळं बसून हिशोब करायचा, आपापली चिठ्ठी लिफाफ्यात घालून चिकटवायची. उचलायच्या दिवशी क्रेनचा ड्रायव्हर सगळ्यांसमोर दोन्ही लिफाफे फोडतो आणि आकडे मोठ्यांदा वाचतो. जुळले तरच तो केबिनमध्ये चढतो. आमच्या ड्रायव्हरला सगळे कासव म्हणतात, कारण तो यंत्र इतकं हळू उचलतो की बघणाऱ्याला वाटावं अजून सुरुवातच नाही झाली. आकडे जुळले नाहीत तर मालकीण समोर उभी असली तरी कासव हलत नाही.

दुसरी चिठ्ठी वहीकाकांची असते. तीस वर्षं त्यांनी पट्टे बांधण्यात घालवली, आणि उचललेल्या प्रत्येक यंत्राची नोंद त्यांनी वह्यांमध्ये ठेवली आहे. म्हणून हे नाव. शाळा त्यांनी आठवीत सोडली. मी रुजू झाले तेव्हा ते उभे राहिले होते. "आता खरी शिकलेली माणसं आली," असं म्हणाले. तेव्हा मला ते आवडलं होतं. आता ते आठवायलाही नको वाटतं.

रजेवरून परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एक बेरीज चुकवली. कुणाला कळलं नाही, कारण चिठ्ठी चिकटवण्याआधी मला वहीकाकांचा लिफाफा दिसला. तो त्यांच्या टेबलावर पडला होता, ते खाली गेले होते, आणि आमचे लिफाफे स्वस्तातले, पातळ. मी तो उचलून खिडकीच्या उजेडाला धरला. आतला आकडा उलटा पण स्पष्ट दिसला. माझा वेगळा होता. मी परत जाऊन बघितलं, चूक माझीच होती. बदलला.

त्यानंतर मी दर वेळी तेच केलं. आधी स्वतःचा हिशोब, मग ते खाली गेले की खिडकी. बहुतेक वेळा जुळायचा. तीनदा जुळला नाही, आणि तिन्ही वेळा माझंच चुकलं असणार म्हणून मी माझा बदलला. झाकली मूठ सव्वा लाखाची. कासव आकडे वाचायचा, जुळायचे, वहीकाका माझ्याकडे बघून मान डोलवायचे आणि मी त्या दिवसापुरती सुटायचे.

या गोष्टीतलं यंत्र छपाईचं होतं. सहा टनांचं, माथ्यावर दोन कड्या, दोन पट्टे. पट्टे सरळ उभे लोंबले असते तर प्रत्येकावर तीन टन आले असते, हे आत्यालाही कळेल. पण छापखान्याच्या त्या दालनाचं छत ठेंगणं. क्रेनचा आकडा उंच जाऊच शकत नव्हता, म्हणून पट्टे दोन्ही बाजूंना पसरट, जवळजवळ आडवे होणार होते. पट्टा असा पसरला की त्याच्यावरची ओढ वाढते. किती वाढते ते कोनावरून काढायचं. मंगळवारी मी काढलं. प्रत्येक पट्ट्यावर सहा टन आले. आणायचे ठरले होते ते पट्टे पाच टनी होते.

सहा टनांचं यंत्र दोन पट्ट्यांनी उचलायचं आणि दोन्हींवर सहा-सहा टन, हे मलाच हास्यास्पद वाटलं. वहीकाका खाली गेल्यावर मी खिडकीशी गेले. त्यांच्या चिठ्ठीवर ३.४६ होतं.

डोकं लगेच मदतीला आलं. स्वतःविरुद्ध पुरावा शोधायचा असेल तर माझं डोकं अजून तल्लख आहे. साइनच्या जागी कोसाइन घातलं तर बरोबर ३.४६ येत होतं, दोन दशांशांपर्यंत. म्हणजे मी शाळेतली पोरं करतात ती चूक केली होती. कोन जमिनीपासून मोजायचा की उभ्या रेषेपासून, हे मी दोनदा पडताळायला घेतलं आणि दोन्ही वेळा मध्येच कापूस आला. मी माझा कागद फाडला, त्याचे आणखी तुकडे केले, आणि नव्या चिठ्ठीवर ३.४६ लिहून लिफाफा चिकटवला. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. माझी चूक सापडली की घरचं माणूस भेटल्यासारखं होतं.

यंत्र गुरुवारी सकाळी दहाला उचलायचं होतं. मी दर वेळी तिथे असायची गरज नव्हती. मी साडेअकराला कामावर जाणार होते, म्हणून सकाळी आत्याबरोबर धुतलेले पडदे वाळत घालायला निघाले. आमच्याकडे गच्ची नाही. दोन गल्ल्या सोडून एक मोकळी जागा आहे, तिथे आत्यानं दोऱ्या बांधल्या आहेत. ओले पडदे म्हणजे शिसं. ते एका मोठ्या पिशवीत भरून, एक बंद तिनं धरायचा, एक मी.

गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी विटांचा ढीग टाकून ठेवला होता. आत्या त्याच्या डावीकडून गेली, मी उजवीकडून, पिशवी मध्ये ढिगावर तरंगत. माझा खांदा निखळतो की काय असं वाटलं.

"अगं, लांब कुठे चाललीस," आत्या म्हणाली. "लांब गेलीस की जड होतं. जवळ ये."

"ढीग आहे ना मध्ये."

"मग लवकर ये पुढे. माझा हात तुटायची वेळ आली."

ढीग संपला, आम्ही जवळ आलो, पिशवी पुन्हा पहिल्यासारखी झाली. तीच पिशवी, तेच पडदे, तेच दोन हात.

मी तिथेच थांबले. दोघी लांब गेलो तेव्हा पिशवी थोडी जड झाली नव्हती. दुप्पट झाली होती. मग तीन टनांचे नुसते ३.४६ कसे होतील? इतके पसरट पट्टे आणि वाढ एवढीशीच?

"काय गं? चेहरा बघ तुझा," आत्या म्हणाली.

"किती वाजले?"

"नऊ वाजून गेले असतील. बसतेस का? पाणी आणू?"

"आत्या, माझ्याकडून मोठी चूक झाली आहे बहुतेक," मी म्हणाले, आणि माझा बंद सोडला. पिशवी रस्त्यावर बसली. आत्यानं एरवी मला सोललं असतं. त्या दिवशी तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मग जा. पडद्यांचं बघते मी."

फोन करून उपयोग नव्हता हे मला माहीत होतं, तरी केला. यंत्र उचलायच्या दिवशी सगळ्यांचे फोन पत्र्याच्या डब्यात बंद करून ठेवतात, कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. वहीकाका, बंद. मालकीण, बंद. कासव तर एरवीही उचलत नाही. मी बसमध्ये चढले. घड्याळात नऊ बावीस झाले होते.

बसमध्ये मी खिडकीच्या धुरकट काचेवर बोटानं त्रिकोण काढला. जमीन, पट्टा, उंची. मग पुसला. परत काढला. साइन की कोसाइन? मी या विषयात सुवर्णपदक घेतलं आहे, आणि मला बसमध्ये ते आठवेना. पहिल्या वर्षाला शिकवतात ते. शेजारची बाई सरकून बसली. मी तोंडानं पुटपुटत असणार. छातीत ठोके इतके जोरात पडत होते की मोजता आले असते, पण तेवढीही मोजणी मला जमली नसती. पिशवीचं खरं होतं का? की मला झोप झाली नव्हती म्हणून खांदा दुखला? पिशवीवरून कुणी सहा टनांचा हिशोब करतं का? हे मी कुणाला सांगणार होते, पडदे जड लागले म्हणून काम थांबवा?

दोन भीती होत्या. एक, माझं सहा बरोबर असेल, पट्टा तुटेल, आणि यंत्राच्या चार कोपऱ्यांना हात लावून चार माणसं उभी असतील. दुसरी, माझं सहा चूक असेल, आणि मी धावत जाऊन सगळ्यांसमोर काम थांबवेन, आणि मग सगळ्यांना कळेल की ही बाई मठ्ठ आहे, हिला दीड वर्षं काही येत नाही, ही लिफाफे उजेडाला धरते. लाज वाटते सांगायला, पण मला दुसरी भीती जास्त वाटत होती. एका थांब्यावर मी उतरून घरी जायला उठलेसुद्धा. पट्ट्यांना लिहिल्यापेक्षा थोडी जास्त ताकद ठेवलेली असते, असं मी स्वतःला सांगितलं. तुटणार नाही. बहुतेक. मग त्या चार जणांतल्या एकाचा हात आठवला. चहा देताना तो नेहमी कपाचा कान माझ्याकडे करून देतो. मी परत बसले.

छापखान्याच्या फाटकापासून दालनापर्यंत मी धावले. शाळा सुटल्यापासून मी धावले नव्हते. दालनात शिरले तेव्हा दहा वाजून चार मिनिटं झाली होती आणि क्रेनचं इंजिन चालू होतं. यंत्र जमिनीपासून वीतभर वर होतं. आधी वीतभर उचलून थांबायचं आणि सगळं नीट आहे ना ते बघायचं, ही कासवाची पद्धत. चौघं चार कोपऱ्यांना तळवे टेकवून उभे होते. दोन्ही पट्टे ताणून पातळ दिसत होते, आणि करकर असा बारीक, सतत आवाज येत होता. तो आवाज खरंच होता की माझ्या कानात, हे मला आजही सांगता येणार नाही.

कुणीही, अगदी झाडूवाल्यानंही, दोन्ही हात सरळ वर केले की ड्रायव्हरनं थांबायचं, हा सगळ्या क्रेनवाल्यांचा नियम. मी हात वर केले. दारापासूनच्या पाच-सहा पावलांत मी ते दोनदा खाली घेतले होते. तिसऱ्यांदा वर राहिले.

कासवानं माझ्याकडे बघितलं आणि यंत्र खाली घेतलं, नेहमीच्याच चालीनं. ती वीतभर उंची संपता संपेना. टेकल्यावर त्यानं इंजिन बंद केलं. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली.

"काय झालं?" मालकिणीनं विचारलं. ती खुर्ची टाकून बाजूला बसली होती. तिनं कधी माझ्यावर आवाज चढवला नाही, आणि त्यामुळेच मला तिची जास्त भीती वाटते.

"आकडा चुकला आहे. बहुतेक."

"जुळला की," कासव केबिनमधून म्हणाला. "तीन पॉइंट चार सहा. दोन्हीकडे तेच. मी स्वतः वाचला."

"बरोबर किती मग?" मालकीण म्हणाली.

"मला माहीत नाही."

हे तीन शब्द मी दीड वर्ष टाळले होते. बोलल्यावर काही कोसळलं नाही, पण बरंही वाटलं नाही. 

"तुझ्याच चिठ्ठीवर आहे तो आकडा."

"तो माझा नाही," मी म्हणाले. "माझा वेगळा आला होता. मी काकांचा लिफाफा उजेडाला धरून बघितला आणि माझा फाडला. मी नेहमी असंच करते. मला डोक्यानं काम होत नाही हल्ली. काकांचं बरोबर असतं, म्हणून त्यांचं उतरवते."

 कपाचा कान माझ्याकडे करून देणारा यंत्रापासून दोन पावलं मागे सरकला, आणि त्याच्याबरोबर बाकीचे तिघंही. मी वहीकाकांकडे बघितलं. ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते भिंतीला हात टेकून उभे होते आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"काका?" मालकीण म्हणाली.

"हेच यंत्र आपण चार वर्षांपूर्वी उचललं होतं," वहीकाका म्हणाले. "दुसऱ्या एका छापखान्यात. वहीत होतं."

"तिथे छत किती उंच होतं?"

"उघड्यावर होतं ते. आवारात." त्यांनी ओठ ओले केले. "क्रेनचा आकडा पाहिजे तेवढा वर जात होता."

"म्हणजे तुम्ही या वेळचा हिशोबच केला नाहीत?"

"ही रजेवरून परत आली तेव्हापासून मी करतच नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की कासव केबिनमधून खाली उतरून जवळ आला. "डोळे गेलेत माझे. आणि हिच्यासमोर माझं काय चालणार, हिनं कॉलेजात शिकलेलं. मी वहीत बघून टाकतो काहीतरी. म्हटलं, चुकलं तर जुळणार नाही. जुळलं नाही की ही सांगेल. पण दर वेळी जुळायचं. मला वाटायचं, चला, अजून आपल्याला येतंय."

 मी त्यांच्या मागे लपले होते आणि ते माझ्या. मधे कुणीच नव्हतं. मग मला ते तीन आकडे आठवले, जे मी त्यांचे बघून बदलले होते. त्या तिन्ही वेळा यंत्रं उचलली गेली होती, खाली माणसं होती, आणि काही झालं नव्हतं. ते हिशोबानं झालं नव्हतं. मी शेजारच्या कागदाच्या गठ्ठ्यावर बसले.

"म्हणजे या यंत्राचा हिशोब कुणी केलाय की नाही?" कासवानं विचारलं.

"केला होता," मालकीण म्हणाली. "एकटीनं. आणि तिनं तो फाडला." मग तिनं एकाला आठ टनी पट्टे आणायला गाडी घेऊन पाठवलं, लागोत न लागोत, आणि आम्हा दोघांकडे वळली. "आता दोघंही करा. इथेच, माझ्यासमोर. एक या टोकाला, एक त्या टोकाला."

"मॅडम, मला साइन-बिन येत नाही," वहीकाका म्हणाले. "कधीच येत नव्हतं. मी पूर्वी चित्र काढून मोजायचो."

"मग चित्र काढा."

मला कागद दिला, पेन दिलं. वहीकाका दालनाच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवर बसले, छापखान्याच्या मोठ्या पांढऱ्या कागदावर, पट्टी आणि पेन्सिल घेऊन, नाक कागदाला टेकेल इतके वाकून. माझी त्यांच्याकडे पाठ होती. मी पहिली ओळ लिहिली आणि कापूस आला. पेन घामानं सुटत होतं. पंधरा माणसं माझ्या कागदाकडे बघत नसल्याचं नाटक करत होती. मी पुन्हा पहिली ओळ लिहिली. मग पिशवीचं चित्र काढलं. हसू नका, दोन बायका आणि एक पिशवी, हातांच्या रेघा पसरट. पिशवी खाली ओढते तीन या हाताला, तीन त्या हाताला. हात जितका आडवा, तितकी त्याची ओढ वर उचलण्याच्या कामी कमी येते, वाया जास्त जाते. इथपर्यंत मला कुणी शिकवायची गरज नव्हती. जमिनीपासून तीस अंश, साइन तीस म्हणजे अर्धा, म्हणजे ओढ दुप्पट. सहा.

बारा मिनिटं लागली. एकेकाळी मी हे चालता चालता केलं असतं. चिठ्ठी लिहिली, लिफाफ्यात घातली, चिकटवली. मालकिणीनं तो माझ्या हातातून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

वहीकाकांना पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मला मागे वळून बघायला मनाई होती, आणि वळता आलं नाही म्हणून मी वेडी होते की काय असं वाटलं. पेन्सिलीचा आवाज येत होता. मध्येच खोडल्याचा आला. का खोडलं? काय आलं असेल? चार? साडेतीनच? मी मनातल्या मनात माझा आकडा सात वेळा बदलला. कोन उलटा धरला असेल. यंत्राचं वजन चुकीचं वाचलं असेल. पिशवीत तिसरंच काहीतरी होत असेल. लिफाफा चार हातांवर होता. मी मागितला असता, एक चूक राहिली म्हणाले असते, तर मालकिणीनं कदाचित दिलाही असता. मी हात मांड्यांखाली दाबून बसले.

आठ टनी पट्टे आले तेव्हाच वहीकाका उठले. कासव दोन्ही लिफाफे घेऊन मधोमध उभा राहिला. आधी माझा फोडला.

"सहा," त्यानं वाचलं.

मग दुसरा. तो वाचायला त्याला जरा वेळ लागला, काकांचं अक्षर थरथरलं होतं.

"पाच पॉइंट आठ." त्यानं वर बघितलं. "जुळत नाही."

"माझ्या पेन्सिलीचं टोक जाड आहे," वहीकाका लगेच म्हणाले. "ताई म्हणते तेच धरा."

"पेन्सिलीचं मला सांगू नका. मी न जुळता चढत नाही. दोघांपैकी एकानं सांगा, कुठला." कासव माझ्याकडे बघत होता. "ताई, पाच-आठ की सहा?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. काकांचंच बरोबर असेल, माझं काहीतरी राहिलं असेल. दीड वर्षात ते इतक्या वेळा म्हटलं होतं की जीभ आपोआप तिकडे वळली. आठ टनी पट्ट्यांना पाच-आठ काय आणि सहा काय, दोन्ही सारखेच. कुणाचं काही बिघडलं नसतं. चौघं कोपऱ्यांपाशी परत येऊन उभे होते, तळवे अजून टेकवले नव्हते.

"सहा," मी म्हणाले.

"नक्की?"

"मला भीती वाटते आहे. पण सहाच आहे."

वहीकाकांनी आपली चिठ्ठी मागून घेतली, भिंतीवर टेकवून पाच-आठ खोडलं आणि त्याखाली सहा लिहिलं. मी पुढे जाऊन ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"असं नाही करायचं काका," मी म्हणाले. "चित्र परत काढा. टोक करून घ्या पेन्सिलीला. आम्ही थांबतो."